भिंगरीमामाची नोकरी

माझ्या धाकट्या मामाच्या पायाला भिंगरी होती, म्हणून आम्ही भाचरं त्याला भिंगरीमामाच म्हणायचो. त्याची समज लहान मुलाएवढीच राहिली होती, बोलणंही दोन-तीन शब्दांत उरकायचं. पण तो कधी स्वस्थ बसलेला मला आठवत नाही. उघडं दार दिसलं की लावायचा, वाहता नळ बंद करायचा, पाहुण्यांच्या विखुरलेल्या चपला जोडीनं मांडायचा.

एकदा त्याला मेणबत्त्यांच्या कारखान्यात चिकटवलं. तिथे दिवसभर एका जागी बसून खोकी भरायची. आठवड्याच्या आतच त्यांनी त्याला घरी आणून सोडलं. “हा बसत नाही,” एवढंच म्हणाले. आजीनं हाय खाल्ली. “माझ्यामागे याचं कसं व्हायचं?” हे तिचं पालुपद सुरू झालं.

मग अपंगांना काम मिळवून देणाऱ्या संस्थेतली एक बाई घरी आली. मामाला काय येत नाही, हे तिनं विचारलंच नाही. “थोडे दिवस याच्याबरोबर फिरते,” म्हणाली आणि खरंच फिरली. बाजारात, बागेत, जिन्यावरून वर-खाली.

“ही काम द्यायला आलीय की पाय मोकळे करायला?” आजी कुरकुरायची.

जवळच्या मोठ्या इस्पितळात चाकांच्या खुर्च्यांचा कायम घोळ असे. लोक त्या फाटकापाशी, गाड्यांच्या तळावर, वाटेल तिथे टाकून जायचे आणि नर्स कामं सोडून शोधत हिंडायच्या. बाई तिथल्या मोठ्या सिस्टरना भेटली. खुर्च्या गोळा करायच्या, पुसायच्या, दाराशी ओळीनं लावायच्या, एवढंच वेगळं काम काढा, म्हणाली.

“अशी जागाच नाही आमच्याकडे.”

“जागा नसेल, पण काम आहे ना?”

सिस्टरना हसू आलं. मामा कामाला लागला.

आणि पहिल्याच आठवड्यात गडबड झाली. एक आजोबा खिडकीपाशी सही करायला उठले, तेवढ्यात मामानं त्यांची खुर्ची पळवली. मुलीनं धरलं म्हणून ते पडता पडता वाचले. सिस्टर भडकल्या. “उद्यापासून येऊ नको!” मामा रडवेला होऊन घरी आला, जेवलासुद्धा नाही. बाईनं सिस्टरकडून कशीबशी आणखी एक संधी मिळवली आणि इस्पितळातलीच एक खुर्ची घेऊन आजीच्या घरी आली.

सुट्टीला तिथे जमलेली आम्ही पोरं पेशंट झालो. खुर्चीवरून उठायचं आणि मामानं खुर्चीला हात लावण्याआधी विचारायचं, “झालं?” आम्ही मुद्दाम “नाही!” म्हणून ओरडायचो आणि परत बसायचो. मामा हसून हसून बेजार. इतकी मजा त्या घरात पुन्हा क्वचितच आली असेल.

त्यानंतर मामा कधी चुकला नाही. फाटकावरच्या वॉचमनशी त्याची गट्टी जमली, डबाही दोघं मिळून खायचे. आजी आता सुट्टीच्या दिवशी वैतागायची, “याला घरात करमतच नाही!” पण शेजारणींना सांगताना “आमचा कामावर गेलाय” हे वाक्य ती जरा मोठ्यानंच म्हणायची.

आजी गेल्यावर मामा आमच्याकडे राहायला आला. केस पांढरे होईपर्यंत त्यानं ती नोकरी केली. निवृत्त झाल्यावरही वॉचमनकाका दर रविवारी यायचे. ते इस्पितळातल्या गमती सांगायचे, मामा मान डोलवायचा. निघाले की मामा त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवायला जाई. मग मामाला घरी सोडायला काका परत येत आणि मामा पुन्हा चपला घाली. आई गॅलरीतून ओरडायची, “अहो, आता एकानं तरी घरी थांबा!”