आत्याचा ध्वजदिन

दर वर्षी सात डिसेंबरला मी ऑफिसात रजा टाकते आणि मुलुंडहून घाटकोपरला आत्याकडे जाते. रजेच्या अर्जावर कारण 'घरगुती' असं लिहिते. 'सशस्त्र सेना ध्वजदिन' लिहिलं की साहेब विचारतात, आज सुट्टी असते का? सुट्टी नसते. आत्याच्या मते तेच बरं. "सुट्टी असती तर सगळे लोणावळ्याला गेले असते. मग मी झेंडे काय कबुतरांना लावू?"

आत्या आता पंचाहत्तरीला आलीय. एकाहत्तरच्या लढाईत तिचा नवरा गेला तेव्हा ती एकवीस वर्षांची होती आणि लग्नाला दीड वर्ष झालं होतं. मालवणकडचं सासर सोडून ती मुंबईत आली, टेलिफोन खात्यात चिकटली आणि तिथूनच निवृत्त झाली. सैनिकांच्या सरकारी कचेरीतून ती दर वर्षी कागदी झेंड्यांचा गठ्ठा आणि सीलबंद डबा आणते. झेंडे आणि टाचण्या तिच्याकडे, डबा माझ्याकडे. त्या दिवशी ती नवऱ्याचं पदक साडीवर लावते आणि घाटकोपरच्या मेट्रोत उभी राहून अनोळखी माणसांच्या छातीला हात घालते. कोणी दचकलं की तिला फार आनंद होतो.

गेल्या खेपेला आम्ही मेट्रोने अंधेरीच्या बाजूला गेलो. तिथे कारखाने आहेत, ऑफिसं आहेत, माणसं भरपूर. उतरून रिक्षा केली. आत्याने खिशाला लावलेला झेंडा बघून रिक्षावाल्याने विचारलं, "आजी, ही कुठली पार्टी?"

आत्याला हेच हवं असतं. "पार्टी नाय रे बाबा. लाल म्हणजे भूदल, गडद निळा म्हणजे नौदल, फिकट निळा म्हणजे हवाई दल. इंग्रज साहेबाच्या राज्यात नोव्हेंबरात कागदाची लाल फुलं लावायचे, पहिल्या महायुद्धात मेलेल्यांसाठी. माझ्या सासऱ्यांनी लावलेलं. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्या लोकांनी म्हटलं, फूल तुमचं तुम्हाला, आम्ही आमचा झेंडा लावू. एकोणपन्नास साली ठरलं. लोकांनी झेंडा लावायचा, जमेल ते डब्यात टाकायचं, ते जखमी जवानांना आणि माझ्यासारख्या बायकांना जातं."

"मग तुम्हीच घेता आणि तुम्हीच मागता?"

"तर काय. मला लाज नाय."

रिक्षावाला हसला, आणि तेवढ्यात आत्याने त्याच्या खांद्यावर थाप मारली. "थांबव, थांबव. पलटण उभी आसा."

एका मोठ्या गेटसमोर चहाची टपरी होती आणि तिच्याभोवती दहा-बारा जवान कटिंग पीत उभे होते. आत्या उतरून पोचलीसुद्धा. मी रिक्षाचं भाडं देऊन मागून धावले तोवर तिने चौघांना झेंडे लावले होते आणि पाचव्याला विचारत होती, "कुठली पलटण, बाळा?"

पाचवा सावळा, काटकुळा, पंचविशीतला होता. तो ओशाळून म्हणाला, "आजी, आम्ही खरे नाही. ज्युनिअर आर्टिस्ट आहोत. आत मालिकेचं शूटिंग आहे."

मला वाटलं, आता आत्या खजील होईल. तिने चष्मा वर केला, त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि जी हसत सुटली, की तिला टपरीच्या बाकड्यावर बसवावं लागलं. कवळी सावरत ती म्हणाली, "तरीच म्हटलं, एवढी वाढलेली दाढी कशी चालते ह्यांना." मग तिचं हसू एकदम थांबलं. "आणि मेल्या, तुझ्या पदकांची फीत उजव्या बाजूला कशी?"

"कपडेपटवाल्यांनी लावली."

"उजवीकडे मी लावते," आत्याने स्वतःच्या साडीवर बोट ठेवलं. "ज्याने कमावलं तो डावीकडे लावतो. तो नसला की घरच्या माणसाने उजवीकडे लावायचं. म्हणजे बघणाऱ्याला कळतं. तू काय तुझी स्वतःची विधवा आहेस?"

बाकीचे फुटलेच. तो मात्र फीत काढायला लागला, त्याची बोटं घाईने चुकत होती. आत्याने स्वतःच ती डावीकडे लावून दिली. तो सातारच्या बाजूचा निघाला. तीनदा भरतीला उतरला होता, तिन्ही वेळा छातीच्या मापात कमी पडला. "इथं रोज भरती होतो, आजी," तो म्हणाला. "चार मालिकांत मिळून अकरा वेळा शहीद झालोय."

हा संवाद गेटवर उभी असलेली सहायक दिग्दर्शिका ऐकत होती. जीन्स घातलेली, कानाला वॉकीटॉकी लावलेली मुलगी. ती पुढे येऊन म्हणाली, "आजी, आत याल का, प्लीज? आमच्या सगळ्यांच्याच फिती उलट्या आहेत. वाट लागली असती यार."

अशा रीतीने आम्ही स्टुडिओत शिरलो. आत्याने पस्तीस मिनिटांत अख्खी तुकडी नीट केली. टोप्या एका बाजूला कलवल्या, बुटांच्या नाड्या आत खोचायला लावल्या, सगळ्यांना झेंडे लावले आणि दिग्दर्शकालाही टाचणी टोचली. तो मध्यमवयीन, थकलेला गृहस्थ होता. त्याने तिला आपली खुर्ची दिली आणि प्रसंग सांगितला: नायिकेच्या नवऱ्याची शवपेटी तिरंग्यात गुंडाळून गावात येते, नायिका धावत येते आणि पेटीवर कोसळून हंबरडा फोडते.

"बरोबर आहे ना, आजी? असंच होतं ना?" नायिकेने विचारलं. ती पांढऱ्या साडीत शेजारी बसून लिंबूपाणी पीत होती.

"आता होतं," आत्या म्हणाली. "आमच्या वेळी पेटी येत नव्हती गो. तिकडे सीमेवरच सगळं उरकायचे. मला तार आली. महिन्याभराने त्याची काळी ट्रंक आली."

"मग तुम्ही ट्रंकेवर..."

"ट्रंक उघडली तेव्हा घर बायकांनी भरलेलं. सगळ्या माझ्याकडे बघतायत, कधी रडते म्हणून. मी एकेक वस्तू काढली. शर्ट, दाढीचं सामान, माझी पत्रं. तळाशी कागदात बांधलेल्या चपला. तिकडच्या, जरीच्या, लाल. माझ्यासाठी घेतलेल्या. मी पायात घातल्या, तर दोन्ही डाव्या पायाच्या."

नायिकेने लिंबूपाण्याचा पेला खाली ठेवला.

"हा माणूस नकाशे वाचायचा. तोफेचा नेम धरायचा. आणि त्याला उजवा-डावा पाय कळला नाय. मला जे हसू आलं, जे हसू आलं, की मी त्या चपला घालून जमिनीवर लोळले. सासू म्हणाली, पोरीचं डोकं फिरलं. चुलत सासरे वैद्याला आणायला धावले. मला सांगताच येईना कोणाला की अहो, पाय बघा माझे."

हे सांगताना आत्याने दोन्ही पाय एकाच बाजूला वळवून दाखवले. आधी नायिका हसली. तोंडावर हात दाबून, मग हात काढून. मग सहायक मुलगी, मग तो सातारकर, मग लाइट धरून शिडीवर बसलेला माणूस. मी ही गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. पंचेचाळीस वर्षं ह्या बाईची भाची आहे मी. मला हसू आलं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि कशाचं काय ते मला वेगळं करता येईना.

दिग्दर्शकाने टाळ्या वाजवून सगळ्यांना जागेवर पाठवलं. पेटी उचलली गेली. सातारकर उजव्या बाजूचा पुढचा खांदेकरी होता. तीन पावलं झाली आणि मागच्या कोणीतरी हळूच म्हटलं, "डावा पाय... आता परत डावा." पेटी हलायला लागली. कट. दुसऱ्या वेळी पेटीच खाली ठेवावी लागली, कारण खांदेकरी उभे राहू शकत नव्हते. तिसऱ्या वेळी दिग्दर्शकाने दम भरला, जेवणाची सुट्टी रद्द करीन म्हणाला, आणि पेटी कशीबशी अंगणात पोचली. नायिका धावत आली. तिने सातारकराच्या चेहऱ्याकडे बघितलं. मला दिसलं, तिचे ओठ थरथरले. तिने पेटीवर अंग टाकलं, तोंड तिरंग्यात लपवलं आणि तिचे खांदे गदगदा हलायला लागले. ती श्वास घेत होती तोही हुंदक्यासारखा. खांदेकरी माना खाली घालून, दात आवळून, थरथरत उभे.

"ओके," दिग्दर्शक म्हणाला. "झकास. असं खरं रडणं मी दहा वर्षांत बघितलं नाही."

आत्या माझ्या दंडाला चिमटे काढत होती. आम्ही दोघी मेकअपच्या खोलीत पळालो आणि दार लावून घेतलं.

तो भाग तीन आठवड्यांनी टीव्हीवर लागला. आत्याने शेजारणींना बोलावलं होतं. सातारकरही आला होता. तोवर तो दर रविवारी आत्याकडे जेवायला यायला लागला होता, आणि आता सगळे कपडेपटवाले फितींसाठी त्यालाच विचारतात. पेटी अंगणात आली. नायिका कोसळली. समोरच्या घरातल्या वहिनींनी पदर डोळ्यांना लावला, वरच्या मजल्यावरच्या काकूंना हुंदका आवरेना. आम्ही तिघं सोफ्यावर एकमेकांना धरून बसलो होतो. आत्याने उशीत तोंड खुपसलं. सातारकर पाणी आणतो म्हणून स्वयंपाकघरात गेला आणि तिथून त्याचा दबलेला आवाज येत राहिला.

काकूंनी आमच्याकडे वळून बघितलं आणि आत्याच्या पाठीवरून हात फिरवला. "किती वर्षं झाली, तरी ह्यांना बघवत नाही हो," त्या वहिनींना हळूच म्हणाल्या. "बंद करू या का टीव्ही?"

"नको," उशीतूनच आत्या म्हणाली. "जाहिरातीनंतर परत दाखवतील."