लोहाऱ्याच्या केंद्रातली गौहर

गौहर यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरची. तिचे अब्बा निजामुद्दीन यांचं नेरच्या बसस्टँडजवळ शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारींची वाइंडिंग करून द्यायचं दुकान होतं. घरात हिंदी, बाजारात वऱ्हाडी आणि भांडताना दोन्ही, अशी तिची बोली. बी.एस्सी. झाल्यावर तिनं यवतमाळात कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि २००७ साली आम्ही दोघी यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका केंद्रात एकाच दिवशी कामाला लागलो. मी दीपा, लोहाऱ्याचीच, घरून पायी जायची. ती रोज नेरहून एसटीनं यायची आणि यवतमाळच्या स्टँडवरून ऑटो धरायची.

कापसानं त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याची पार रया घालवली होती. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांसाठी टीव्हीच्या गाड्या गावोगाव फिरत. बाहेर कुठं यवतमाळचं नाव घेतलं की समोरच्याचा चेहरा पडायचा आणि तो एकदम हळू आवाजात बोलायला लागायचा. गौहरला त्या हळू आवाजाची चीड होती. मयतीला आल्यासारखे काहून बोलतात हे लोक, असं ती मला विचारायची.

पुण्याच्या एका कंपनीनं आमचं केंद्र काढलं होतं. इथल्या पोरापोरींना प्रोग्रामर बनवू, असं सांगून आम्हाला घेतलं. प्रत्यक्षात आम्ही सगळे दिवसभर मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांचे कागद बघून पेशंटची माहिती टाइप करायचो. प्रोग्राम लिहिणारा माणूस एकच, किसनसिंग राठोड. पुसदकडच्या तांड्यावरचा, काही वर्षं पुण्यात नोकरी करून परतलेला.

दुसऱ्याच आठवड्यात गौहर त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. टायपिंगसाठी मी आली नाही, प्रोग्रामचं काम द्या, म्हणाली. काम देणं आपल्या हातात नाही, असं किसनसिंगनं सांगितलं.

"मंग शिकवणं तर तुमच्या हातात आहे ना, दादा?" ती म्हणाली.

तो हसला. त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत ती डबा हातात घेऊन त्याच्याकडे जायला लागली. मीही कधीकधी जायची. किसनसिंगची शिकवायची रीत अशी की तो समजावून काहीच सांगायचा नाही. बिघडलेला प्रोग्राम पुढ्यात ठेवायचा आणि चालव म्हणायचा. स्क्रीनवर लाल अक्षरांत इंग्रजी मजकूर आला की गौहर दचकून तो बंद करून टाकायची. एकदा त्यानं तिचा हात थांबवला.

"तो तुले शिव्या देऊन नाही राह्यला," तो म्हणाला. "चूक कोणत्या ओळीत आहे त्याचा पत्ता सांगून राह्यला. पुरा वाच."

तेव्हापासून ती प्रत्येक मजकूर मोठ्यानं वाचायची. लोडशेडिंगमध्ये कॉम्प्युटर बंद पडले की बाकीचे बाहेर लिंबाखाली बसायचे. ही खिडकीशी बसून पाठकोऱ्या कागदांवर प्रोग्राम लिहायची आणि लाइट आली की तोच टाइप करून बघायची. बहुतेक वेळा तो चालायचा नाही.

दवाखान्यांच्या कागदांत एकाच पेशंटची माहिती दोनदोनदा यायची आणि ती शोधण्यात आमचा जीव जायचा. गौहरनं मनानंच त्यावर प्रोग्राम लिहिला. आडनाव, पत्ता आणि जन्मतारीख जुळली की दुसरी नोंद तो काढून टाकायचा. दुपारभर चालवून तिनं तो किसनसिंगला दाखवला. त्यानं शांतपणे विचारलं, "आणि जुळी भावंडं?"

गौहरनं यादी उघडली. एका बाळंतिणीच्या दोन मुलींपैकी एक तिच्या प्रोग्रामनं पुसून टाकली होती. मूळ नोंदी किसनसिंगनं आधीच वेगळ्या ठेवल्या होत्या म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी गौहर आली ती नवीन विचार घेऊनच. प्रोग्रामनं काही पुसायचंच नाही. संशय आला की दोन्ही नोंदी शेजारीशेजारी दाखवायच्या आणि निर्णय माणसानं घ्यायचा. हा प्रोग्राम चालला. सगळं केंद्र तो वापरायला लागलं आणि आमचं काम बरंच हलकं झालं.

मला वाटलं, आता तिला टायपिंगमधून काढतील. तेवढ्यात पुण्याहून कंपनीचे मोठे पाहुणे येणार असल्याची बातमी आली. आमचे मॅनेजर सरही पुण्याचेच. त्यांनी गौहरला केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा मी तिथेच कागद लावत होते. पाहुण्यांसमोर तू बोलायचंस, असं त्यांनी सांगितलं. वडील कापूस पिकवतात, घर पार बसलं होतं, या केंद्रानं आम्हाला जगवलं, एवढं सांगायचं. अब्बा मोटारींची वाइंडिंग करतात, शेती आमच्याकडे नाहीच, असं तिनं सांगितलं. मोटारी शेतकऱ्यांच्याच ना, मग फार फरक नाही, असं सर म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"नात्यात कोणी आत्महत्या वगैरे?"

"नाही सर," गौहर म्हणाली. "आन् असती, तरी ती तुमच्या पाहुण्यांसाठी नसती."

सरांनी विषय बदलला. ती ऐकेल, असंच त्यांना वाटलं असावं.

पाहुणे आले. भिंतीवर भेगाळलेल्या जमिनीचं भलंमोठं चित्र लावलं होतं. गौहरचं नाव पुकारलं गेलं. ती माइकशी गेली आणि तिनं स्वच्छ आवाजात सांगितलं की मी नेरची, माझे वडील पंपाच्या मोटारींची वाइंडिंग करतात, ठणठणीत आहेत, आज सकाळीच मला एसटीत जागा मिळाली नाही म्हणून कंडक्टरशी भांडले. काही लोक हसले. मग ती म्हणाली, "आमच्या जिल्ह्यात दुःख आहे. ते आमचं आहे. इथं मी प्रोग्राम लिहाले आली, तो पाहा."

आणि तिनं प्रोग्राम चालवून दाखवला. पाहुण्यांतल्या एका बाईंनी त्याबद्दल बारीक प्रश्न विचारले, गौहरनं दोन प्रश्नांची उत्तरं दिली आणि तिसऱ्याला आपल्याला माहीत नाही म्हणाली. सरांनी घाईघाईनं आभार मानले.

पुढच्या सोमवारी तिला सांगण्यात आलं की तुझा प्रोग्राम आता पुण्याची टीम बघेल, तू टायपिंगवरच राहा आणि जेवणाच्या सुट्टीत आपल्या जागेवर बस. किसनसिंग तिच्या बाजूनं बोलायला गेला, तर त्यालाही गप्प बसवलं. गौहरनं दुपारीच राजीनामा दिला. मी तिला गेटपर्यंत सोडायला गेले. माझे डोळे भरून आले होते, तिचे कोरडे होते. "कायले रडतं? शिकलेलं तर माह्याजवळच आहे," ती म्हणाली आणि ऑटोला हात केला.

घरी निजामुद्दीनचाचांनी सगळं ऐकून घेतलं. लोक विचारतील, एवढंच अम्मी म्हणाली. त्यावर चाचा म्हणाले, "पूछने दो. मैं हूँ ना दुकान पर."

चार-पाच महिने तिला काम मिळालं नाही. नागपूरच्या दोन मुलाखतींत पुन्हा तोच हळू आवाज ऐकून ती परत आली. शेवटी किसनसिंगनं पुसदला रामधन जाधव यांच्याकडे तिचं नाव सांगितलं. बाजारातल्या एका दुकानाच्या माडीवर बसून ते शाळांचे निकाल लावायचे प्रोग्राम बनवत. त्यांनी तिला जिल्ह्याबद्दल काही विचारलं नाही. आतापर्यंतची सगळ्यात मोठी चूक कोणती, असं विचारलं. तिनं जुळ्या मुलींची गोष्ट सांगितली. तिथंच ती लागली. पुसदलाच खोली करून राहिली, नंतर त्या कामात भागीदार झाली.

लोहाऱ्याचं केंद्र दोनेक वर्षांत बंद पडलं. मी नर्सिंगकडे वळले, मला त्याची खंत नाही.

मागच्या हिवाळ्यात पुसदला गेले तेव्हा गौहर फोनचा स्पीकर लावून बोलत होती. तालुक्याबाहेरच्या एका शिक्षणसंस्थेत निकालाचा प्रोग्राम अडला होता आणि तिथले अध्यक्ष म्हणत होते की मॅडम, इतक्या लांब तुम्ही कशाला, कोणी माणूस पाठवा. गौहर म्हणाली की प्रोग्राम माझा आहे, दुरुस्त मीच करणार, आणि मी येईपर्यंत कोणी हात लावू नका. फोन ठेवून तिनं माझ्यासाठी चहा सांगितला, लॅपटॉप पिशवीत टाकला आणि मला जेवल्याशिवाय जाऊ नको असं बजावून जिना उतरली. खाली तिची स्कुटी सुरू झाल्याचा आवाज आला.