ड्रिलवरचे पिवळे हातमोजे

मामांना हातमोजे मी घालायला लावले. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय. बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

अंबरनाथला आनंदनगर एमआयडीसीत आमचा कारखाना, पंपांचे सुटे भाग करणारा. मी एचआरमध्ये. फोटोची हौस होती, म्हणून कंपनीचं मासिक, फेसबुकचं पान, भिंतीवरचे फलक, सगळं माझ्या गळ्यात पडलं. खरं म्हणजे मीच पाडून घेतलं. हजेरीच्या कामापेक्षा ते बरं होतं, आणि वरचे लोक नावानं हाक मारायला लागले होते.

माझे फोटो चांगले यायचे. कामगारांना रांगेत उभं करायचं नाही, काम करताना टिपायचं, आणि मशीन चालू पाहिजे. बंद मशीनपुढचा माणूस फोटोत पाहुण्यासारखा दिसतो.

त्या वर्षी सुरक्षा सप्ताहासाठी स्टोअरमधून नवं सामान काढलं. हेल्मेट, चष्मे, पिवळेधमक हातमोजे. फोटोपुरतं घालायला द्यायचं आणि परत गोळा करायचं, ही आमच्याकडची रीत. पिशवी घेऊन मी मशीन शॉपमध्ये फिरत होतो.

ड्रिल मशीनवर मामा होते. त्यांना सगळेच मामा म्हणायचे. बदलापूरच्या पलीकडच्या गावातले, सगळी नोकरी त्या एका मशीनवर काढलेली. नवीन माणसाला ड्रिल शिकवायचं ते मामांनीच. मी हातमोजे पुढे केले तसा त्यांनी हात मागे घेतला.

"साहेब, ड्रिलवर मोजे नाय घालत. फिरतं मशीन हाय. कापड धरलं तर हात घेऊन जाईल."

"दोन मिनिटं, मामा. सुरक्षेचा फोटो आणि हात उघडे, वर काय सांगू मी?"

"मग मशीन बंद करतो."

"बंद मशीनचा फोटो काय कामाचा?"

शेजारच्या लेथवरचा ओरडला, "घाला की मामा! मामीला लग्नानंतर पहिल्यांदाच काहीतरी नवं दिसेल तुमच्या अंगावर!"

त्याचा जोडीदार म्हणाला, "मामा तो मॉडेल बन गया रे. दाढी तरी करून यायचं!"

मामा हसले. मला पाहिजे होता तो चेहरा मिळाला. त्यांनी चष्मा लावला, मोजे चढवले, मी पहिला फोटो घेतला. मग डावा हात वर करून म्हटलं, "हात थोडा पुढे घ्या, मामा. अजून थोडा." आणि दुसरा घेतला.

पुढचं लांबवत नाही. ड्रिलनं मोज्याचं टोक धरलं. उजव्या हाताची तीन बोटं गेली. मशीन लेथवाल्यानं बंद केलं. मी आधी कॅमेरा खाली ठेवला, नीट, भिंग वर करून, आणि मग धावलो. हे मला रोज आठवतं.

चौकशीत सेफ्टी ऑफिसरनं विचारलं, "मामा म्हणतात, तुम्ही घालायला सांगितलं. खरं का?"

"माझं लक्ष कॅमेऱ्यात होतं, सर."

वाक्य खरं होतं. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं. लेथवरचे दोघं कंत्राटी. त्यांना कुणी बोलावलं नाही, ते आपणहून आले नाहीत. अहवालात आलं, कामगारानं नियम मोडून ड्रिलवर हातमोजे घातले. भरपाई कायद्यानं मिळायची ती मिळाली. नाव मात्र गेलं. ज्या माणसानं अख्ख्या शॉपला हा नियम शिकवला, त्यानंच तो मोडला असं कागदावर राहिलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ. पण वरून फर्मान आलं, ड्रिलशेजारी इशाऱ्याचा फलक लावा. त्या दिवशी मी घेतलेल्या दोन फोटोंतला दुसरा मी त्यासाठी निवडला. पिवळ्या मोज्यांवर लाल फुली मारली. चेहरा कापला. मामांची लाज राखायला कापला असं सगळ्यांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मामांच्या चष्म्याच्या काचेत मी दिसत होतो, कॅमेऱ्यामागे, डावा हात वर केलेला.

उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये छापायला दिला तेव्हा दुकानातला सिंधी काका म्हणाला, "साईं, फोटो एक नंबर है. गला क्यों काटा बेचारे का?"

मी म्हटलं, "जागा नव्हती."

तीन महिन्यांनी मामा शेवटचे कागद न्यायला आले. शॉपमधून सगळ्यांचा निरोप घेत निघाले, मी सोबत. ड्रिलपाशी थांबले. स्वतःचे हात त्यांनी लगेच ओळखले. उजवा पंजा खिशात होता, तो तसाच ठेवून बराच वेळ बघत राहिले.

मग म्हणाले, "साहेब, नव्या पोरांना एवढं सांगा. मामाला ठावं होतं."

मी म्हटलं, "चहा घेऊन जा ना, मामा."

"नको. गाडी चुकंल."

फलक अजून तिथंच आहे. नवीन भरती झालेल्यांना त्याच्यासमोर उभं करून मीच सांगतो, असं करू नका. मामाला ठाऊक होतं, हे एकदाही सांगितलेलं नाही. न कापलेला फोटो माझ्या घरी कपाटात आहे. मी बदलापूरला राहतो. मामांचं गाव तिथून रिक्षानं फार लांब नाही. दोनदा निघालो, एकदा त्यांच्या वेशीवरून परतलो.

माझ्या सहीचा एक कागद मी मामांना देणं लागतो. हातमोजे मी घालायला लावले, मामा नाही म्हणाले होते, एवढंच त्यात लिहायचं आहे. त्याची एक प्रत कंपनीत द्यायची आहे, आणि तो फलक माझ्या हातानं उतरवायचा आहे. यातलं काहीही मी अजून केलेलं नाही.