सहा दात जास्त

विमलक्का गेल्याची बातमी गल्लीच्या मोबाइल-ग्रुपवर फिरली ती कवळी-वाटपाच्या एका फोटोसह. फोटोत तिच्यापेक्षा तिला कवळी देणारे पाहुणेच मोठे दिसत होते. गेल्यावरही बाईला कोपऱ्यातच उभं केलं होतं.

बंगळुरूजवळ आनेकलला आमची घरं भिंतीला भिंत लागून. ती निपाणीकडची, बंगळुरूच्या शिवाजीनगरात एका शिंप्याकडे काजं-बटणं करण्यात जन्म गेला. उतारवयात तिच्या तोंडात सहा दात उरले, तीन वर, तीन खाली. तेवढ्यावर ती भाकरी खायची, हळूहळू, पण खायची. सरकारी दवाखान्यात फुकट कवळी मिळते, हे मीच वाचलं आणि अर्जही मीच भरला. तिसऱ्या खेपेला खिडकीतल्या बाईंनी तिच्या तोंडात न पाहताच सांगितलं, "अज्जी, इथं पूर्णच कवळी मिळते. दात असणाऱ्यांना नाही."

"म्हणजे सहा जास्त झाले म्हणायचे!" अक्का म्हणाली.

मी शाळामास्तर, चार बुकं वाचलेला. मी काय म्हणालो? "सहाच तर आहेत अक्का, काढून टाक."

काढायला मात्र अजिबात थांबावं लागलं नाही. उपटण्याच्या बाबतीत सरकार नेहमीच तत्पर. हिरड्या सुजलेल्या असतानाच माप घेतलं, कारण वाटप-समारंभाचा दिवस ठरला होता आणि पाहुण्यांना पुढं सवड नव्हती. दीड तास भाषणं झाली. आरोग्य हा गरिबाचा हक्क असल्याचं तीन वक्त्यांनी सांगितलं, तिघांचेही दात उत्तम होते. महिन्याभरात सूज ओसरली, हिरड्या बसल्या आणि कवळी तोंडात खुळखुळू लागली. परत गेलो तर उत्तर मिळालं, "स्वल्प दिवस घालून बघा अज्जी, सरी होतं, नीट बसेल." फारच आग्रह धरला तेव्हा दुरुस्तीच्या यादीत नाव घातलं.

"मास्तर," ती एकदा पेजेची वाटी खाली ठेवत म्हणाली, "सहा होते तेव्हा भाकरी खात होते. आता अठ्ठावीस आहेत, अन् पेज पिते." मी हसलो. ती हसली नाही... अंगावरचे ब्लाउज सैल होत गेले, तसे ती स्वतःच आत घेत गेली. शेवटी साध्या तापाचं निमित्त झालं. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा फार होता. कशाचा, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात दवाखान्यातून मला फोन आला. दुरुस्तीचा नंबर लागलाय, पेशंटला कवळीसह घेऊन या. सांगायला शेजारी गेलो, तर तिची सून रेखा स्वयंपाकघरात स्टीलच्या वाटीतलं पाणी बदलत होती. आत कवळी होती. रोज बदलते म्हणाली, टाकवत नाही. मी फोनचं सांगितलं.

"मग तुम्हीच घेऊन जा, मास्तर. दात काढायला तुम्हीच नेलं होतं."

वाटी तिने माझ्या हातात दिली. ती आता माझ्या टेबलावर आहे. पाणी रोज सकाळी मी बदलतो.