इरण्णा परत येण्याचा भाव

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. चौघांनी रोज सकाळी एकाच टपरीवर चहा प्यायचा आणि पाचव्याची वाट बघायची, एवढं केलं की ते आपोआप साठतात. आमची टपरी सोलापूरच्या भवानी पेठेत, इरण्णाच्या वडिलांच्या टॉवेलच्या दुकानासमोर. पाचवा म्हणजे इरण्णा. तो बेंगळुरूला असतो.

जाण्याआधी त्यानं आम्हा चौघांच्या मोबाईलवर एक क्रिप्टो कॉइन घेऊन दिलं. चौघं म्हणजे मी, मंगळवेढ्याचा तानाजी, पॉवरलूमवाला अंबादास आणि इरण्णाचे वडील, ज्यांना सगळी गल्ली अप्पा म्हणते. स्टँडवर तो म्हणाला, "ह्याचा भाव पाचपट झाला की नोकरी सोडतो आणि हितंच दुकान टाकतो. तवर कुणी विकू नका." अप्पांनी त्याच्या पिशवीत शेंगाचटणीचा आणखी एक पुडा कोंबला. तेव्हापासून आमचा जीव त्या भावात अडकलाय.

*

ह्या कॉइनचा एक सामायिक खजिना आहे. कॉइनसाठी कुणी काम करणार असेल तर तो खजिन्याकडे पैसे मागतो. कॉइन असलेले सगळे मोबाईलवर मत देतात आणि मंजूर झालं तर मोबदला कॉइनमध्येच मिळतो. "म्हणजे गणपती मंडळच की," अंबादास म्हणाला.

पहिलीच मागणी कुठल्याशा परदेशी पोरांची होती. संमेलन, जेवण, टी-शर्ट. आम्ही उत्साहानं होकार दिला, अप्पांच्या मोबाईलवरही मीच बटण दाबलं. आठवड्यात भाव आपटला.

मला काही कळेना. तानाजीच्या घरची ज्वारी असते, त्याला कळलं. "मिळालेलं कॉइन त्यांनी घरात ठिवलं असंल व्हय? हॉटेलवाल्याला रोख द्यायचं म्हणून एकदम विकायला काढलं. एकाच दिवशी सगळ्या ट्रॉल्या मार्केटात आल्या की ज्वारीचं काय होतं?"

अप्पांनी एवढंच विचारलं, "म्हंजे त्या टी-शर्टापायी इरण्णा लांबला?"

*

मग अंबादास प्रत्येक मागणीला नकार देऊ लागला. वाचायचासुद्धा नाही. मत कुणाचं ते दिसत नाही, पण प्रत्येक शहराची मतं वेगळी दिसतात. सोलापूरचं एक मत विरोधात, हे ठरूनच गेलं. इरण्णा फोनवर हसायचा, "अंबादास उठला वाटतं."

एकदा कुणीतरी दुकानदारांना कॉइन घेता यावं म्हणून ॲप करायला पैसे मागितले. अंबादासनं आम्हालाही नकार द्यायला लावला. आम्हाला न जुमानता ते मंजूर झालं, ॲप चांगलं निघालं, लोक कॉइन विकत घेऊ लागले आणि भाव चढला!

अंबादास दोन दिवस चहाला आला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आपलं चाललं असतं तर पोरगं तिकडंच राहिलं असतं की रे."

"बियाणाला पैसे घातले तर ती उधळपट्टी न्हवं," तानाजी म्हणाला. "आता वाचून दाबत जा."

त्यानं मान डोलावली आणि पुढच्या मागणीलाही नकारच दिला.

*

तो भाव चढला होता तेव्हाची गोष्ट. अप्पांनी शेजारचा गाळा भाड्यानं घेतला आणि पेंटरला बोर्ड करायला सांगितला. पेंटरनं विचारलं, दुकान कशाचं? ते इरण्णानंही अजून ठरवलं नव्हतं.

अप्पा म्हणाले, "नाव लिही. खाली जागा सोड."

बोर्ड तयार झाला तोवर भाव पुन्हा उतरला होता. आता बोर्ड टॉवेलांच्या गठ्ठ्यामागे उभा आहे. रोज सकाळी अप्पा विचारतात, "एनप्पा, काय भाव?" पडलेला असला तर मी थोडा वाढवून सांगतो.

आठवण मलाही फार येते. जुळे सोलापूर भागात घरी जाताना इरण्णा माझ्या स्कूटरवर मागे बसून अखंड बडबडायचा. रस्ता तोच आहे, पण आता फार लांब वाटतो.

*

गेल्या महिन्यात खुद्द इरण्णानंच खजिन्याकडे मागणी टाकली. बेंगळुरूत दोन वर्षं राहून नव्या लोकांना कॉइन वापरायला शिकवायचं आणि त्याचा पगार खजिन्यानं द्यायचा. नोकरीत त्याचं मन कधी रमलंच नव्हतं. "दोनच वर्षं," तो फोनवर म्हणाला. त्याचा इतका खुश आवाज बऱ्याच दिवसांनी ऐकला.

मी आणि तानाजीनं होकार दिला. अंबादासनं पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं आणि त्यानंही होकार दिला.

संध्याकाळी अप्पांनी मला दुकानात बोलावलं. "आज मी दाबतो. दाखीव."

मी दाखवलं. हिरवं होकाराचं, लाल नकाराचं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा एकदा विचारून घेतलं आणि लाल दाबलं.

"अप्पा, ते नकाराचं."

"म्हाईत हाय."

मागणी भरघोस मतांनी मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही चहा घेत असताना इरण्णाचा फोन आला. मी स्पीकर लावला. अप्पा आमच्याबरोबरच बाकावर बसले होते.

"लई बरं वाटलं रे," इरण्णा म्हणाला. "पण सोलापूरचं एक मत इरोधात दिसतंय. कुणाचं?"

अप्पांनी कप खाली ठेवला. अंबादासनं त्यांच्याकडे बघितलं, मग फोन आपल्याकडे ओढला आणि म्हणाला, "माझं. सवय जात न्हाय बघ."