वत्सलाला दिसलेली धूळ

वत्सलाच्या नीलिमाचा, तिच्या मुलीचा, फोन आला तेव्हा मी डोंबिवलीच्या घरात मेथी निवडत बसले होते. "मावशी, आई गेली गं... पहाटे, झोपेतच," एवढंच ती बोलली. मी "हो का" म्हणाले. अशा वेळी माणूस काय वाट्टेल ते बोलतो. फोन ठेवला, उरलेली जुडी निवडून पुरी केली आणि मग रडले. त्याला आता सहा आठवडे झाले.

कोलशेतच्या एका औषधांच्या कंपनीत वत्सला आणि मी सत्तावीस वर्षं शेजारी शेजारी बसलो. काम एकच. इंजेक्शनच्या भरलेल्या बाटल्या तपासायच्या. समोर दिवा, मागे अर्धी काळी, अर्धी पांढरी पाटी. बाटली मानेला धरून हलकेच फिरवायची, आधी काळ्यापुढे, मग पांढऱ्यापुढे. आत धुळीचा कण किंवा एखादा धागा तरंगताना दिसला की बाटली बाद. वत्सला माझ्याआधी चार वर्षं लागलेली. पहिल्या दिवशी मी उत्साहाने धडाधड बाटल्या बाद करत सुटले, तेव्हा तिने माझा ट्रे ओढून घेतला. "अगं बाई, हे बुडबुडे आहेत! बुडबुडा वर जातो, कण खाली बसतो. जरा दम धर, आपोआप कळतं." माणसांच्या बाबतीतही ती अशीच दम धरायची. पण एकदा का कण दिसला, की दयामाया नाही. साहेब एकदा म्हणाले, "एवढं चालतं हो, वत्सलाबाई." ही म्हणाली, "तुमच्या पोराला टोचणार का हे?" साहेब मुकाट्याने निघून गेले. तिने तपासलेले ट्रे मी पुन्हा बघायची आणि माझे ती. तिच्या ट्रेमध्ये मला कधी काही सापडलं नाही. माझ्यात तिला सापडायचं, आणि ते ती सगळ्यांसमोर सांगायची. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू!

आम्हाला शिकवलेलं, की त्या खोलीत धूळ वाऱ्याने येत नाही, माणूस आणतो. कातडीचा पापुद्रा, केस, कपड्याचा तंतू. म्हणून नखशिखांत पांढरा झगा, बोलणं कमी, हातवारे कमी. वत्सलाला याचं भारी हसू यायचं. "जिवंत माणूस म्हणजे धुळीचा कारखाना गं मंगल. जरा हलला की सांडली!" पुढे कंपनी बंद झाली. त्या जागेवर टॉवर होणार होता. एकदा रिक्षाने तिथून जाताना पाडकाम चाललेलं दिसलं. वत्सलाने रिक्षा थांबवली. आमच्या तपासणीच्या खोलीची भिंत खाली आली आणि धुरळ्याचा लोट थेट आमच्या तोंडावर. मला वाटलं, आता हिला रडू येणार. तर ही पदराने तोंड पुसत म्हणते, "बघ, जन्मभर एक कण सुटू दिला नाही, आणि आता अख्खी कंपनीच उडाली." रिक्षावालासुद्धा हसला. मला मात्र त्या दिवसापासून वाटत आलंय की धूळ म्हणजे कचरा नव्हे. जे होतं, ते अजून पुरतं गेलेलं नाही, एवढाच तिचा अर्थ.

नवरा गेल्यावर ती कळव्याच्या घरी एकटीच राहायची. तिसरा मजला, खाली रस्ता, पलीकडे कुठलं ना कुठलं बांधकाम कायमचं चालू. कामाला बाई ठेवणं तिला मंजूर नव्हतं. रोज सकाळी घर स्वतः पुसायची. मी दर गुरुवारी जायची. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की कपाटावर धूळ आहे. मग टीव्हीवर, पंख्याच्या पात्यांवर, फोटोंच्या चौकटींवर. कपबशीच्या कडेलासुद्धा काळी रेघ. हिचं फडकं सगळीकडे फिरायचं, पण धूळ तिथेच. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत उतरलेला आणि बाईसाहेब म्हणायच्या, "बल्बच हल्ली मंद येतात." वर मला विचारायची, "बघ गं, कुठे राहिलंय का काही?" तपासलेला ट्रे पुढे सरकवावा तसं. मी म्हणायची, "लखलखीत आहे." एकदा नाही, दोन वर्षं म्हणत राहिले. नीलिमाही बोलली नाही. आम्ही दोघी जिन्यात एकमेकींकडे बघायचो आणि विषय बदलायचो.

शेवटी नीलिमाने हट्टाने ठाण्याला ऑपरेशन करवलं. दुसऱ्या डोळ्याचं झाल्यावर मी भेटायला गेले, तर दार उघडंच. वत्सला खोलीच्या मधोमध उभी. खिडकीतून ऊन आलेलं आणि ती एकेका वस्तूकडे बघत होती. माझ्याकडे न वळता म्हणाली, "तुला दिसत होतं ना?"

"दिसत होतं."

"मग?"

मी हातातली पिशवी खाली ठेवली. "माणसं येऊन बसली इथे. चहा प्यायली या कपातनं. आणि मी तुला विचारत होते मंगल... तुला!" ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पुढे सात महिने तिने माझा फोन उचलला नाही. मग एके दिवशी स्वतःच डोंबिवलीला आली, जेवली, माझ्या आमटीला नावं ठेवली, हसलीसुद्धा. गुरुवार पुन्हा सुरू झाले. पण त्यानंतर तिने मला कधीही काही विचारलं नाही. साडी बरी दिसते का, भाजीत मीठ झालंय का, काही नाही. सांगायची सगळं, विचारायची नाही. तीन वर्षं. त्या "मग?"चं उत्तर द्यायचं तसंच राहिलं, आणि ती गेली.

ती गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला कळव्याला गेले, तेव्हा नीलिमाने घर घासूनपुसून ठेवलेलं. इतकं स्वच्छ, की वत्सला तिथे राहायची हे पटेना. मला बसवेना. लवकर निघाले.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी घर पुसत होते. मलाही हल्ली दिव्याभोवती वलयं दिसतात. सून, श्रद्धा, कामावरून आली. मी सहज विचारलं, "बघ गं, कुठे राहिलंय का?"

"नाही हो आई, एकदम चकाचक."

मी फडकं खाली ठेवलं. हे मी ओळखत होते. "खरं सांग श्रद्धा. रागावणार नाही."

तिने पर्स खांद्यावरून उतरवून खुर्चीवर ठेवली. मग म्हणाली, "शोकेसवर आहे... टीव्हीच्या मागे पण आहे. मी तुम्ही झोपल्यावर पुसते."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही एवढं मनापासून पुसता हो आई," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "बघत बसावंसं वाटतं. कसं सांगणार?"

वत्सला, हेच गं. हेच उत्तर होतं.