कोपरातल्या दोन कड्या

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी औशाच्या रस्त्यावरच्या एका धर्मादाय दवाखान्यात सर्जन होते. जिल्ह्याच्या पाट्यांचा रंग अजून उतरला नव्हता तोवर दुष्काळ आला आणि गावोगाव जनावरांच्या छावण्या पडल्या. छावणीत कडबा कापायची यंत्रं दिवसभर चालत. त्यांत पेंढी सारताना बायांचे हात ओढले जात, आणि ते हात आमच्याकडे येत.

कोपरातली मुख्य धमनी तुटली की आमच्याकडे एकच रीत होती. धमनी बांधायची, रक्त थांबवायचं आणि पेशंटला जीपमध्ये घालून सोलापूरला पाठवायचं. रक्ताविना हात जेमतेम सहा तास तग धरतो. छावणीतून आमच्याकडे येण्यातच अर्धा वेळ गेलेला असायचा. सोलापूरला पोचेपर्यंत बोटं काळीनिळी पडायची आणि तिथं हात कापावा लागायचा. जीव वाचला म्हणून आमचे मोठे सर केसपेपरवर ‘समाधानकारक’ लिहायचे. त्या शब्दाची मला भयंकर चीड होती. जिला जन्मभर एका हातानं भाकरी थापायची आहे, तिला विचारा म्हणावं समाधान.

धमनी हातानं शिवता येत नाही असं नाही. पण टाका जरा वाकडा गेला, आतल्या अस्तराला सुरकुती पडली, की तिथं रक्त गोठतं आणि नळी बंद होते. तेवढा बारीक धागा आमच्याकडे नव्हता, भिंगही नव्हतं. मेडिकल कॉलेजात शिकत असताना मात्र मी ग्रंथालयातल्या एका जुन्या अंकात वाचलं होतं की हाताचं हे काम यंत्रावर सोपवायची खटपट जगात कधीची चालू आहे. कुणी मॅग्नेशियमची कडी करून पाहिली. रशियात टाचण्या मारणारं यंत्र निघालं, पण ते जड आणि जुळवायला किचकट. मग जपानात कुणीतरी सगळा पसारा दोन कड्यांवर आणला. प्रत्येक कडीला बारीक टोकं आणि भोकं, एकीची टोकं दुसरीच्या भोकांत. कड्या दाबल्या की नळी जोडली. चित्र मला पाठ होतं, पण पान खालून फाटलेलं होतं आणि नळी कड्यांत बसवायची कशी ते त्या फाटलेल्या तुकड्यात गेलं होतं.

मी सरांना म्हटलं, “कड्या इथंच करून घेऊ या.”

सर हसले. “लातुरात पंप दुरुस्त होतात, बाई. धमन्या नाही.” मग पुढं म्हणाले, “सवलतीतून आलेल्यांनी आधी नेमून दिलेलं काम नीट करावं.”

माझ्या वडिलांनी बाजारात हमाली करता करता दीक्षा घेतली आणि मला शिकवलं. आमच्या गल्लीतली मी पहिली डॉक्टर. असली वाक्यं मी कॉलेजापासून ऐकत आले होते आणि एकाही वाक्याला मान खाली घातली नव्हती. त्याच दुपारी मी गोलाई चौकातल्या बाजारामागं एका लेथच्या कारखान्यात गेले.

लेथवाले मिस्त्रीचाचा बोअरच्या पंपाचे सुटे भाग करायचे. दुष्काळात त्यांना जेवायला सवड नव्हती. त्यांनी माझं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं.

“लई बारीक हाय, डॉक्टरीनबाई. पन हुईल. आपलं लेथ म्हातारं हाय, आंधळं न्हाई.”

त्यांनी स्टीलच्या कड्या केल्या आणि स्वतःच्या डोक्यानं एक भर घातली: आतून एक पातळ नळकांडं. पंपाचा पाइप जोडताना ते तसंच करायचे, आत एक तुकडा सरकवला की जोड हलत नाही. मलाही ते पटलं. ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांच्या मदतीनं आम्ही बोकडाच्या मानेतल्या धमनीवर ते बसवून पाहिलं. दोन दिवसांत रक्त गोठून नळी गच्च झाली. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. सरांच्या कानावर गेलं. ते येताजाता विचारू लागले, “काय बाई, बोकड काय म्हणतो?” मी म्हणायचे, “जिवंत आहे, सर.” ते खरंही होतं, पण आतून मी खचत चालले होते.

माझी आई आडत बाजारातली फाटकी पोती शिवायची. त्या वर्षी बाजारात मालच नव्हता, म्हणून ती बारदाना घरी आणून ओसरीवर बसायची. एका संध्याकाळी मी तिच्या शेजारीच खाटकाकडून आणलेल्या धमनीचा तुकडा आणि कड्या घेऊन झटत होते. तिनं बराच वेळ पाहिलं.

“कामून घालायलीस ते लोखंड आत?”

“जोड धरावा म्हणून.”

“पोत्याचं तोंड शिवताना आम्ही आत काय घालताव का? तोंड आधी बाहेर दुमडायचं. आतलं अंग आतल्या अंगाला लागलं की शिवण धरती. कडा बाहेर ऱ्हात्यात, दाना कुठं अडकत न्हाई.”

तिनं दाभण खाली ठेवलं आणि पोत्याचं तोंड दुमडून दाखवलं. फाटलेल्या पानावर हेच असणार हे मला तत्क्षणी कळलं. नळीचं टोक कडीतून ओढून घ्यायचं, बाहेर उलटवायचं आणि कडीच्या बारीक टोकांवर अडकवायचं. अस्तराला अस्तर भिडेल आणि रक्ताला धातूचा स्पर्शच होणार नाही. मला स्वतःची लाज वाटली, मग हसू आलं, आणि मग आईचा इतका अभिमान वाटला की तिच्या पोत्यांच्या ढिगाऱ्यावरच मी बसून राहिले.

मिस्त्रीचाचांना नळकांडं काढायला सांगितलं तेव्हा ते जरा घुश्शात आले, पण त्यांनी नव्या कड्या केल्या. त्या बसवलेल्या बोकडांच्या मानेत महिन्यानंतरही ठोका लागत होता.

मग रेणापूरकडच्या छावणीतून एक बाई आली. उजवं कोपर चिरलेलं, धमनी तुटलेली, दंडाला लुगड्याची चिंधी आवळलेली. सर म्हणाले, “बांधा आणि पाठवा,” आणि जीपची व्यवस्था करायला निघून गेले.

मी तिला सरळ सांगितलं. “इथल्या लेथवर केलेल्या कड्या आहेत. माणसावर अजून वापरलेल्या नाहीत. हात राहील असं मी छातीठोक सांगत नाही. पण सोलापूरला पोचेपर्यंत राहणार नाही, हे सांगते.”

“मंग इचारता कामून?” ती म्हणाली. “बसवा.”

जीप यायच्या आत मी तिला टेबलावर घेतलं. धमनीची चेचलेली टोकं कापून टाकली, उरलेली कड्यांतून ओढली, उलटवली, कड्यांच्या टोकांवर अडकवली. कड्या दाबल्या आणि रक्त अडवून धरणारे चिमटे सोडले. आधी काहीच झालं नाही. मग पांढरा पडलेला तळवा हळूहळू गुलाबी झाला आणि मनगटावर माझ्या बोटाखाली नाडी उडाली. मी मास्कच्या आत रडले. आनंद होताच, पण त्याहून जास्त राग होता, आधी गेलेल्या सगळ्या हातांचा.

तिसऱ्या दिवशी मला सरांच्या सहीची कारणे दाखवा नोटीस मिळाली. परवानगी न घेता पंपाच्या कारखान्यात बनवलेली वस्तू रुग्णाच्या शरीरात का बसवली, याचा लेखी खुलासा करावा. प्रश्न चुकीचा नव्हता. जोड बंद पडला असता तर मीच दोषी ठरले असते आणि ते मी नाकारलंही नसतं. पण तो बंद पडला नव्हता. नोकरी जाईल हे गृहीत धरून मी खुलाशात एकच ओळ लिहिली: रुग्णाच्या उजव्या मनगटावर नाडी लागते, आपण स्वतः येऊन पाहावे.

आठवडाभर सर तिच्या खाटेकडे फिरकले नाहीत. मग एका सकाळी आले. माझ्याकडे न बघता खाटेपाशी बसले, तिचं मनगट धरलं आणि घड्याळ बघत मोजू लागले. मिनिट झालं, दोन झाली. त्यांनी बोटं जरा सरकवली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

ती बाई कंटाळली. “साहेब, सोडा की आता हात,” ती म्हणाली. “छावनीवर म्हस उपाशी हाय माझी.”

सरांनी हात सोडला. तिनं त्याच हातानं, जरा अडखळत, डोक्यावरचा पदर नीट केला.